नातू ‘ब्लडी हेल’ म्हणाला, आता काय करू?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत ३२ वर्षं मराठी शिकवलं. सध्या मुलाकडे इंग्लंडला, रेडिंगला आले आहे. परवा टीव्हीवरची क्रिकेटची मॅच पावसानं थांबली, तर माझा आठ वर्षांचा नातू सोफ्यावर लोळत ‘ओह, ब्लडी हेल!’ म्हणाला. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. सून म्हणाली, ‘आई, इथे ही शिवी नाही.’ मुलगा म्हणाला, ‘थोडीशी आहे.’ शेजारी ब्याऐंशी वर्षांचे एक आजोबा राहतात. फार भला माणूस. मला गुलाबाच्या फांद्या लावायला देतात. पण ‘बगर’ हा शब्द त्यांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा! शब्दकोशात अर्थ पाहिला आणि दोन दिवस त्यांच्याकडे बघवेना. त्यात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला : ‘ब्लडी’ म्हणजे मेरीमातेच्या नावानं घेतलेली शपथ, आणि ‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’मधला डॅम म्हणजे आपला दाम, वेलिंग्टन नावाच्या इंग्रज सेनापतीनं हिंदुस्थानातून नेलेला. हे खरं का? हे शब्द आले कुठून? आणि नातवाला मी नेमकं सांगू तरी काय?
— रेडिंगची आजी

उत्तर :

ताई,

नातवाला चांगलंच फैलावर घेतलंत, पण घेताना तुमच्या तोंडून काय गेलं ते पत्रात नाही. साताऱ्याकडच्या बाई तुम्ही, एखादा ‘मुडद्या’ नाहीतर ‘मेल्या’ गेलाच असणार. मुडदा म्हणजे प्रेत. नातवाला आपण प्रेत म्हणतो आणि वर त्याला शिरा करून घालतो. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा, म्हणजे शेजारच्या आजोबांवरचा तुमचा राग निम्मा तरी उतरेल.

आधी मेरीमाता. ही गोष्ट मीही कॉलेजात इंग्रजी शिकवताना कित्येक वर्षं सांगत आले, तेव्हा चूक माझ्याही पदरात आहे. ‘बाय अवर लेडी’, भराभर बोलताना ‘बायरलेडी’, आणि ते झिजून ‘ब्लडी’, अशी ती गोष्ट. ‘बायरलेडी’ हा उद्गार खराच होता, शेक्सपिअरच्या पात्रांच्या तोंडी तो येतो. पण तो ‘देवाशपथ’सारखा सुटा येतो. ‘ब्लडी’ मात्र सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात भेटतो तो ‘ब्लडी ड्रंक’ असा, दुसऱ्या शब्दाला चिकटून. म्हणजे तर्र झालेला, पार आउट. उद्गारवाचक आणि क्रियाविशेषण यांची गल्लत तुम्ही सातवीच्या पोरालाही करू दिली नसती.

मग रक्त आलं कुठून? त्या काळी लंडनात बड्या घरची पोरं दारू पिऊन रस्त्यात धुडगूस घालत. खानदानी रक्ताची म्हणून त्यांना ‘ब्लड्स’ म्हणत. ‘ब्लडी ड्रंक’ म्हणजे त्या ब्लड्सइतका झिंगलेला, असं ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचं म्हणणं. मला ते पटतं. १७११ साली जोनाथन स्विफ्टनं, म्हणजे गलिव्हरच्या सफरी लिहिणाऱ्यानं, मैत्रिणीला पाठवलेल्या पत्रात आज चालताना ‘ब्लडी’ उकडत होतं असं लिहिलंय. स्विफ्ट पेशानं धर्मगुरू. त्या शब्दात मेरीमातेचा अपमान कुणाला दिसत असता, तर पाद्रीबुवांनी तो बाईमाणसाला लिहिलेल्या पत्रात घातला असता का?

शब्द बिघडला तो नंतर. अठराव्या शतकात तो खालच्या वस्तीतल्या लोकांचा ठरला, आणि एकोणिसाव्यात तर इतका वाईट, की छापताना पहिलं आणि शेवटचं अक्षर ठेवून मध्ये रेघ मारू लागले. अर्थ तोच, वस्ती बदलली. पुढे ११ एप्रिल १९१४ला लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरात बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ लागलं. हेच नाटक पु. लं.नी ‘ती फुलराणी’ करून आपल्याकडे आणलं, तेव्हा गोष्ट तुम्हाला माहीत आहे. फुलं विकणारी एलायझा नव्यानं शिकलेल्या शुद्ध उच्चारांत बड्या लोकांच्या दिवाणखान्यात गप्पा मारते. निघताना कुणी विचारतं, बागेतून चालत जाणार का? ती त्याच झोकदार उच्चारात म्हणते, ‘नॉट ब्लडी लाइकली!’ मी टॅक्सीनं जाणार. मिसेस पॅट्रिक कॅम्बेल नावाच्या नटीनं हे वाक्य टाकलं आणि थिएटर हसून हसून कोसळलं. वर्तमानपत्रांना काही दिवस दुसरा विषय नव्हता, आणि तरीही शब्द पुरा छापायची पंचाईत होतीच. गंमत म्हणजे त्यानंतर सभ्य घरातले लोक ‘नॉट पिग्मॅलियन लाइकली’ म्हणू लागले. नाटकाचं नावच शिवीच्या जागी जाऊन बसलं!

पन्नास वर्षांनी, १९६४ साली, याच गोष्टीवरचा संगीत सिनेमा आला तेव्हा ‘ब्लडी’नं कुणी दचकेना. मग एलायझाला घोड्यांच्या शर्यतीत नेऊन घोड्याला त्याच्या पार्श्वभागावरून हाक मारायला लावली. शिव्यांची महागाई ती हीच. जुनी नाणी चालेनाशी झाली की मोठी नोट काढावी लागते. तरी २००६ साली ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन खात्याची ‘सगळी तयारी झालीय, तुम्ही ब्लडी हेल आहात कुठे?’ अशा धर्तीची जाहिरात ब्रिटनच्या टीव्हीवर याच शब्दावरून अडली होती. मागाहून सोडली. ऑस्ट्रेलियन लोकांना यात अडण्यासारखं काय आहे तेच कळेना.

आता तुम्हाला तो शब्द इतका का झोंबला, ते सांगते. आपल्याकडे ‘ब्लडी’ आला तो साहेबाच्या तोंडून, आणि साहेब तो माणसाला लावायचा. ‘ब्लडी फूल’, ‘ब्लडी’ अमुक, ‘ब्लडी’ तमुक. मग तो हिंदी सिनेमातल्या खलनायकानं उचलला, आणि आपल्या कानात तो कायमचा कुणाच्या तरी थोबाडीत मारल्यासारखा बसला. ब्रिटनमध्ये त्याचा बहुतेक रोजगार वेगळा : ब्लडी पाऊस, ब्लडी ट्रेन, ब्लडी प्रिंटर. नातू पावसाला बोलला, तुम्हाला साहेब ऐकू आला.

आता दाम. इथे माझाही जीव अडकतो, कारण ही गोष्ट खरी निघाली असती तर मला फार आवडलं असतं. दाम हे अकबराच्या वेळचं तांब्याचं नाणं, चाळीस दामांचा एक रुपया. दमडी आणि छदाम ही त्याचीच पोरंबाळं. ‘मला दमडीची पर्वा नाही’ आणि ‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’ शेजारी शेजारी ठेवले की सख्खी भावंडं वाटतात. ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली निघाला, त्यात ही शक्यता मांडली होती. त्यात वेलिंग्टन पडला. तो ड्यूक होण्याआधी आर्थर वेलस्ली म्हणून इथे लढला होता. २३ सप्टेंबर १८०३ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी त्याची गाठ पडली. म्हातारपणी तो ‘टपेनी डॅम’ म्हणायचा असं सांगतात, म्हणजे दोन पेन्सांचा डॅम. झालं, लोकांनी असईचं रणांगण, दाम आणि ड्यूक एका दोऱ्यात ओवले.

पण ऑलिव्हर गोल्डस्मिथ आधीच लिहून बसलाय. १७६०च्या सुमारास त्याच्या लेखातलं एक पात्र म्हणतं, मी कसा दिसतो याची मला ‘थ्री डॅम्स’एवढीही फिकीर नाही. वेलिंग्टन जन्मला १७६९ साली! ऑक्सफर्डवाल्यांनाही दाम मान्य नाही. त्यांच्या मते हा साधा शिवीतला ‘डॅम’, लॅटिनमधून आलेला : दोषी ठरवणं, नरकात धाडणं. एवढीशी शिवीही मी खर्च करणार नाही, असा त्या वाक्याचा भाव. ग्रुपवर हे टाकलंत तर कुणी आभार मानणार नाही, पण टाका.

‘डॅम’चा विषय निघालाच आहे तर पंचम जॉर्जची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्यांच्या १९११च्या भेटीची खूण म्हणून मुंबईला गेटवे ऑफ इंडिया उभा आहे, ते हे राजेसाहेब. जानेवारी १९३६मध्ये ते गेले. त्यांचे शेवटचे शब्द म्हणून अधिकृतपणे सांगितलं गेलं ते भारदस्त : ‘साम्राज्याचं कसं काय चाललंय?’ लोकांनी आपली आवृत्ती काढली. कुणीतरी म्हणालं, महाराज लवकरच बरे होऊन बॉग्नरला समुद्रावर हवापालट करायला जातील, तर ते म्हणाले ‘बगर बॉग्नर!’ ही झाली दंतकथा. पुढे १९८६ साली राजवैद्य डॉसन यांच्या टिपणांतलं बाहेर आलं, ते असं की झोपेचं औषध टोचणाऱ्या नर्सला राजेसाहेब ‘गॉड डॅम यू’ असं पुटपुटले. आपल्या आज्यांनी शेवटच्या घटकेला रामनाम यावं म्हणून जन्मभर जपमाळ ओढली, हे आठवून मला जरा वाईट वाटलं, आणि राजेसाहेब पहिल्यांदाच माणूस वाटले.

तुमच्या मूळ प्रश्नाचं, हे शब्द आले कुठून याचं, खरं उत्तर इथून सुरू होतं. जुन्या इंग्लंडात मोठी शिवी म्हणजे देवाची शपथ. आपल्यासारखी आई-बहीण नव्हे. ख्रिस्ताच्या जखमांची शपथ, रक्ताची शपथ, क्रुसाच्या खिळ्यांची शपथ. देवाचं नाव वायफळ घेणं हे बायबलातल्या दहा आज्ञांपैकी एकीचा भंग, म्हणजे सरळ पाप. मग लोकांनी पळवाट काढली. ‘गॉड्स वून्ड्स’मधला देव गिळून टाकला, राहिलं ‘झाउंड्स’. ‘गॉड्स ब्लड’चं झालं ‘स्ब्लड’. ‘गॉड्स ट्रूथ’चं ‘स्ट्रूथ’. ‘गॉड’ म्हणायच्या ऐवजी ‘गॉश’, ‘गॉली’. ‘क्राइस्ट’ म्हणता म्हणता जीभ वळवली की ‘क्रायकी’ आणि ‘क्राइप्स’. ‘गॉड रॉट’, म्हणजे देव तुला कुजवो, याचं आजीबाईंनाही चालेल असं ‘ड्रॅट’. आणि ‘व्हॉट द डिकन्स’मधले डिकन्स म्हणजे कादंबरीकार नव्हेत. शेक्सपिअरच्या नाटकात हा उद्गार आहे, आणि कादंबरीकार जन्मले १८१२ला. तो सैतानाला दिलेला बुरखा.

सरकारही यात पडलं. १६०६ साली कायदा झाला : रंगभूमीवर देवाचं, ख्रिस्ताचं नाव थट्टेनं घेतलं तर दहा पौंड दंड, आणि त्यातला निम्मा खबर देणाऱ्याला! आता विचार करा, पिटात बसलेला प्रत्येक जण नाटक बघतोय की शिव्या मोजतोय? ‘ऑथेल्लो’ची १६२२ साली छापलेली प्रत घेतली तर त्यात ‘झाउंड्स’ आणि ‘स्ब्लड’ आहेत. पुढच्याच वर्षीच्या मोठ्या संग्रहातल्या ‘ऑथेल्लो’त ते झाडून काढलेले. मग १७४५च्या कायद्यानं नटांपुरतं न ठेवता सगळ्यांसाठी दरपत्रकच लावलं. मजूर, साधा शिपाई किंवा खलाशी यानं देवाची शपथ हासडली तर एक शिलिंग. त्याच्या वरचा, पण ‘जंटलमन’ नसलेला, त्याला दोन. जंटलमन आणि त्याहून वरच्याला पाच. दुसऱ्यांदा दुप्पट, तिसऱ्यांदा तिप्पट. आपल्या सोसायटीच्या मेन्टेनन्ससारखं, ज्याचा फ्लॅट मोठा त्याला जास्त. आणि हा कायदा कागदावर किती काळ होता? १९६७पर्यंत. म्हणजे तुमच्या शेजारच्या आजोबांचं ऐन विशीतलं वय या कायद्याखाली गेलं.

आता जीभ वळवण्याची ही कला. इंग्रजांनी ती देवावर चालवली, आपण आईवर. तुम्ही मराठीच्या बाई, तुम्हाला मी काय सांगणार? पण एकदा ‘हात्तिच्या!’ हा शब्द सावकाश म्हणून बघा. हात, तिच्या... आणि पुढचं गिळलेलं. कीर्तनातही चालणाऱ्या या शब्दाच्या पोटात कुणाची तरी आई आहे. ‘च्यायला’चं तेच, ‘च्यामारी’चं तेच. ‘आईच्या गावात’ म्हणताना गाव आयत्या वेळी मदतीला धावून येतं, आणि मुंबईची कॉलेजातली पोरं ‘भेंडी’ म्हणतात तेव्हा त्यांना भाजी अभिप्रेत नसते. माझे वडील सोवळ्यातले, पण टेबलफॅन बंद पडला की ‘शिंचा!’ म्हणायचे. शिंचा म्हणजे शिंदळीचा. हे कळलं तेव्हा मी एम.ए.ला होते, आणि त्यांना सांगायचं धैर्य मला शेवटपर्यंत झालं नाही.

इंग्रजांचा सगळ्यात सुंदर ‘भेंडी’ म्हणजे ‘गॉर्डन बेनेट!’ हा माणूस खरा होता : ‘न्यूयॉर्क हेरल्ड’चा मालक जेम्स गॉर्डन बेनेट धाकटा, १८४१ ते १९१८. मोटारींच्या आणि फुग्यांच्या शर्यतींना त्याच्या नावाचे चषक होते, वागणं असं की नाव नेहमी चर्चेत. ‘गॉर...’, म्हणजे ‘गॉड’च, तोंडातून निसटलं की पुढचं ‘ब्लायमी’ गिळून कुणाचं तरी नाव जोडायचं, आणि हे तयार होतं. बिचारा अमेरिकन, आणि त्याच्या नावानं इंग्रज माणूस पायावर हातोडी पडली की ओरडतो.

आणि ‘ब्लायमी’? नातवानं हा शब्द आणला असता तर तुम्ही हसला असता. कॉमिकमधला शब्द वाटतो. मूळ आहे ‘गॉड ब्लाइंड मी’ : मी खोटं बोलत असेन तर देवा, माझे डोळे फोड. आता तराजू लावा. ‘ब्लडी’च्या पोटात दारुडी पोरं, ‘ब्लायमी’च्या पोटात स्वतःला आंधळं करून घेण्याचा शाप. आणि शाळेत ओरडा बसतो तो ‘ब्लडी’ला! शब्दाचा उगम आणि शब्दाचा चटका यांचा मेळ लागत नाही तो असा. उगमातून कळतं की तेव्हाचे लोक कशाला घाबरत होते. आज समोरच्याला काय ऐकू येतं, ते त्यातून कळत नाही. तुम्ही शब्दकोशातून आजोबांचा न्याय केलात, तिथेच फसलात.

तर आजोबांचं ‘बगर’. याचं मूळ कुठे असेल? बल्गेरियात. मध्ययुगात तिथे बोगोमिल नावाचा पंथ निघाला, चर्चच्या लेखी पाखंडी. तशाच विचारांचे लोक फ्रान्समध्ये दिसले तेव्हा त्यांनाही ‘बल्गेरियन’ म्हटलं गेलं, फ्रेंचमध्ये ‘बूग्र’. आणि पाखंड्यांवर नेहमी करतात तो आरोप त्यांच्यावरही झाला, अनैसर्गिक संभोगाचा. तोच अर्थ इंग्रजीत चिकटला. आठव्या हेन्रीनं १५३३ साली त्या कृत्याला फाशीची शिक्षा ठरवणारा कायदा केला, त्याच्या नावात हाच शब्द. तिथून निघालेली वाट आपल्या जुन्या दंडसंहितेच्या ३७७ कलमापर्यंत आली, आणि ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरती ती बंद केली. म्हणजे बघा, एका देशाच्या नावाची बदनामी आठ-नऊशे वर्षं चालली आणि दिल्लीपर्यंत पोचली. ‘सॉड’ या दुसऱ्या शिवीची कथा याचीच जुळी, ती बायबलातल्या सदोम गावावरून. तिच्यात मी शिरत नाही.

पण आजोबांच्या तोंडी यातलं काही नसतं. किल्ली हरवली की ‘बगर!’, कुणाला लॉटरी लागली की ‘लकी बगर’, कुणी आजारी पडलं की ‘पुअर ओल्ड बगर’. शेवटच्यात तर चक्क माया आहे. वांद्र्याच्या किंवा गोव्याच्या आपल्या ख्रिस्ती मंडळींत कधी बसला असाल तर हा शब्द मित्रांच्या खांद्यावर हात टाकून फिरताना ऐकला असेल. कोकणात म्हातारा माणूस पोराला ‘रांडेच्या, इतके दिवस होतास कुठे?’ असं विचारतो, तेव्हा कुणी त्या पोराच्या आईची चौकशी करत नाही. गुलाबाच्या फांद्या परत करू नका.

‘बॉलक्स’ हा शब्दही कानावर येईल. तो मात्र यांच्याहून एक पायरी वरचा. अर्थ अंडकोष, वापर ‘निव्वळ बकवास’ या अर्थी. त्याची कोर्टकचेरी भारी आहे. १९७७ साली सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या तबकडीच्या नावात तो होता. नॉटिंगहॅमच्या एका दुकानानं तिचं पोस्टर काचेत लावलं आणि दुकानाच्या मॅनेजरवर १८८९च्या अश्लील जाहिरातींच्या कायद्याखाली खटला झाला. बचावाच्या वकिलांनी साक्षीला आणले नॉटिंगहॅम विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक जेम्स किन्स्ली. त्यांनी शांतपणे सांगितलं की हा शब्द हजार वर्षं जुना आहे, एके काळी तो पाद्र्यांचं टोपणनाव होता, आणि पाद्री पुष्कळ बाष्कळ बोलतात म्हणून त्याला ‘बकवास’ हा अर्थ आला. प्राध्यापक स्वतः दीक्षा घेतलेले पाद्री! न्यायाधीशांनी नाइलाजानं मॅनेजरला सोडलं. भाषेच्या मास्तरला कोर्टात इतका मान मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

लंडनच्या कॉकनी लोकांची यमकाची भाषा हा वेगळाच खजिना. नको तो शब्द टाळायचा, त्याच्याशी यमक जुळणारी जोडी घ्यायची आणि त्यातलाही यमकाचा भाग गाळायचा. ‘खैबर’ म्हणजे पार्श्वभाग, कारण ‘खैबर पास’चं यमक ‘आर्स’शी जुळतं. ‘कॉबलर्स’ म्हणजे वर सांगितलेला बॉलक्सच, कारण ‘कॉबलर्स ऑल्स’, म्हणजे चांभाराच्या आऱ्या, ‘बॉल्स’शी जुळतात. आणि ‘बर्क’, म्हणजे बावळट, हा ‘बर्कली हंट’चा तुकडा. हंटशी यमक कशाचं जुळतं ते मी लिहिणार नाही. इंग्रजीतला तो सगळ्यात जड शब्द आहे. तरी ‘बर्क’ दुपारच्या टीव्हीवर बिनधास्त चालतो, कारण म्हणणाऱ्यालाही पत्ता नसतो.

आणखी एक, कारण आज ना उद्या ग्रुपवर हेही येणारच. ‘कॉड्सवॉलप’, म्हणजे थापा. मेसेज म्हणेल : हिरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२मध्ये गोटी असलेल्या सोड्याच्या बाटलीचं पेटंट घेतलं, दारुड्यांना ते पाणी मिळमिळीत लागलं, ‘वॉलप’ म्हणजे बिअर, म्हणून कॉडची वॉलप. बाटली खरी, कॉड खरा. आपला गोटी सोडा त्याच बाटलीतून फुस्स करत फुटतो. पण हा शब्द लिखाणात पहिल्यांदा सापडतो तो १९५९ साली, एका विनोदी मालिकेच्या संहितेत. मध्ये ऐंशीहून जास्त वर्षं हा शब्द कुठल्या बाटलीत बंद होता?

आता नातू. ब्रिटनमध्ये रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉम या संस्थेनं २०१६ साली लोकांना विचारून शब्दांच्या पायऱ्या लावल्या. ‘ब्लडी’, ‘बगर’, ‘डॅम’ सौम्य निघाले, ‘बॉलक्स’ मधल्या पायरीवर. म्हणजे तुमचा मुलगा बरोबर, सून थोडी चूक : शिवी आहे, पण थोडीशी. तरी आठ वर्षांच्या पोराच्या तोंडी ती शाळेत चालत नाही, बाईंची चिठ्ठी घरी येते. तेव्हा त्याला पापाची भीती घालू नका, मेरीमातेला तर मध्ये आणूच नका. नुसतं सांगा : हा शब्द शाळेत नाही, पाहुण्यांसमोर नाही, आणि कुठल्याही माणसाला उद्देशून तर कधीच नाही. मुलांना ‘वाईट शब्द’ कळत नाही, ‘कुठे नाही’ हे मात्र बरोबर कळतं. चपला कुठे काढायच्या हे त्यांना समजतं, तसंच.

बदली शब्द हवा असेल तर ‘क्रायकी’ द्या. पण वैतागून ‘जीझस क्राइस्ट’ म्हणायची सवय लागली तर तिथे मात्र अडवा. ऑफकॉमच्या यादीत तेही सौम्यच आहे. तरी चर्चला जाणाऱ्या म्हाताऱ्या बाईसमोर ते ‘ब्लडी’हून दहापट लागतं, आणि वर्गात तिची नातवंडं असतील.

तुम्ही स्वतः यातला एकही शब्द वापरू नका, एवढी माझी विनंती. ‘पुअर ओल्ड बगर’मधली माया उच्चाराच्या एका खाचेत असते. ती आपल्याला या वयात जमायची नाही आणि भलतंच काही होऊन बसेल. आजोबांनाच मराठी शिकवा. ‘हात्तिच्या’ त्यांच्या जिभेला जड जाईल, पण ‘च्यायला’ त्यांना सहज येईल. फक्त अर्थ विचारला तर सुनेला पुढे करा.